हद्दीवरचा डोह

हिंगोली जिल्ह्यात मासे बघायला चालले आहे असं सांगितलं तेव्हा आमच्या चिपळूणकडची माणसं हसली. "मासे? तिकडे पाणी तरी असतं का?" शेजारच्या वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, असतं, आणि त्या पाण्यात मासेही असतात. हे मी फाल्गुनात म्हटलं होतं. आज मला ते तितक्या ठामपणे म्हणता येणार नाही. माझ्यामागून कुणी तिकडे गेलं तर तिथे काय होतं एवढं तरी त्याला कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

मला बोलावलं होतं निर्मलाने. विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहत होतो. मी प्राणिशास्त्राची, ती वनस्पतिशास्त्राची, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. पुढे मी कोकणात परतून तिकडच्या कॉलेजात शिकवू लागले आणि ती हिंगोलीच्या. गेली काही वर्षं तिच्या प्रत्येक फोनमध्ये एका ओढ्याचा विषय निघायचा. सागवानाच्या जंगलातून येणारा, एका वाडीजवळ डोहात थांबणारा ओढा. "झाडांचं मी बघते गं, पण माशांना माशांचं माणूस लागतं. एकदा ये," म्हणायची. निवृत्त झाले आणि गेले.

शिरड शहापूरकडे

हिंगोलीत उतरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो हळदीचा वास. आमच्याकडे हळद म्हणजे परसातली चार रोपं, तीही पातोळ्यांच्या पानांसाठी. इथे शेतच्या शेतं हळदीची. काढणी चालू होती, रस्त्याच्या कडेला मोठाल्या टाक्यांतून हळद शिजत होती, आणि शिजलेली हळद अंगणात, खळ्यावर, शाळेच्या पटांगणातसुद्धा वाळत पडली होती. पळस फुललेला होता. त्या भगव्याखाली हे पिवळं बघून मी गाडी थांबवायला लावली. निर्मला हसली. "थांबू. पण एवढी हळद पिकवायला पाणी किती लागतं ते तुला माहीत नाही अजून," ती म्हणाली.

औंढा मागे टाकून शिरड शहापूरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. टायरवाल्या चाचांनी चाक खोललं, खिळा काढून आमच्यासमोर धरला आणि म्हणाले, "बराबर मधी घुसला बघा. आता तकलीफ न्हाई, चहा घ्या तवर." समोरच्या हॉटेलात चहाबरोबर गरम भजी खाताना निर्मलाने मला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

ते जंगल देवराई नव्हे, तोडीचं जंगल. दरवर्षी त्याचा एकेक तुकडा तोडीला निघतो, लाकूड ट्रॅक्टरने बाहेर जातं, मग त्या तुकड्याला बरीच वर्षं विश्रांती. तोड झाली की पावसात माती धुऊन ओढ्यात येते, वाळूवर गाळ बसतो आणि वाळूत अंडी घालणारे मासे संपतात. त्या वेळच्या वन अधिकाऱ्याशी बोलून निर्मलाने एक प्रयोग ठरवला होता. तोड थांबवायची नाही, पण ओढ्याच्या दोन्ही काठांना झाडांचा एक पट्टा ठेवायचा. दर फाल्गुनात येऊन पाणी, गाळ आणि मासे बघायचे. फरक पडला नाही तर पुढच्या तोडीत पद्धत बदलायची.

"म्हणजे चुकणार हे धरूनच सुरुवात केलीत," मी म्हटलं.

"हो. आणि चुकलोच." ती भजं मोडत म्हणाली. "पहिल्या वर्षी पट्टा ठेवला तरी गाळ येतच राहिला. मग कळलं, गाळ तोडीतून येतच नव्हता, ट्रॅक्टर जिथून ओढा ओलांडायचे तिथून येत होता. ती वाट खडकावरून नेली. मग काठाला कुंपण घातलं, तर धनगरांच्या मेंढ्यांचं पाणी तुटलं. त्यांनी कुंपण कापलं. आम्ही भांडलो नाही. एका जागी मुरूम होता, तिथे मेंढ्यांना उतार ठेवला, बाकी काठ आपोआप वाचला. त्यानंतर मासे वाढायला लागले. खरंच वाढायला लागले गं."

तो अधिकारी आता बदलून गेला होता. नवे साहेब सौजन्याने बोलायचे, चालू द्या म्हणायचे. कुंपण कापणाऱ्या धनगरांतले कोंडिबामामाच आता निर्मलाचे यजमान होते, आणि आम्ही त्यांच्याचकडे उतरणार होतो.

वाडी

वाडीचं नाव मी मुद्दाम देत नाही. घर दगडामातीचं, पुढे मेंढ्यांचा वाडा. कोंडिबामामांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, दारातच पाय धुवायला पाणी दिलं. "या बाई. लई लांबून आल्या म्हन तुमी. समुद्राकडून?" मी हो म्हटलं. "तिकडं पानी खारं असतंय म्हन. मग मेंढरं काय पितेत?" आमच्याकडे मेंढ्याच नसतात हे त्यांना पटेना. मेंढ्यांशिवाय गाव कसं असेल?

जेवायला ज्वारीची भाकरी, करडईची भाजी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी, धान्य आणि मसाले दळून ठेवलेलं पीठ. पाण्यात कालवून फोडणी दिली की आमटी तयार. नारळावाचून आमटीला एवढी चव असते हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. मी दुसऱ्यांदा मागून घेतली तेव्हा सुभद्राबाईंचा चेहरा फुलला.

कोंडिबामामांनी मात्र दुसऱ्यांदा काही घेतलं नाही. ताट बाजूला सारून ते निर्मलाला म्हणाले, "मॅडम, मशीन आलंय. खालच्या अंगाला नाला खोल करून राहिलेत. परवापतुर डोहापाशी येतंय."

निर्मलाने हातातली भाकरी ताटात ठेवली. "कुणाचं काम?"

"गावाचंच. सरपंचानं आनलंय. पानी अडवायचं."

डोह

सकाळी आम्ही डोहावर गेलो. वाडीपासून जंगलाची हद्द जवळच होती. हद्दीचा दगड काठावर उभा, आणि त्याच्यासमोरचा दगड पलीकडच्या काठावर. म्हणजे रेघ बरोबर डोहाच्या मधून जात होती. वरचा अर्धा डोह जंगलाचा, खालचा अर्धा गावाचा. पाण्याला अर्थात त्याची खबर नव्हती.

आमच्या कोकणातला पऱ्या, म्हणजे ओढा, पावसाळ्यात धावतो आणि माघापर्यंत दगड दाखवतो. हा ओढाही वरच्या अंगाला तसाच आटलेला होता, दोन दगडांमध्ये ओंजळभर पाणी, एवढंच. पण डोह भरलेला होता. खालच्या टोकाला काळ्या खडकाचा एक उंबरा होता, त्याच्यामुळे पाणी अडून राहायचं. काठाने अर्जुनाची झाडं, पांढऱ्या खोडांची, मुळं पाण्यात सोडलेली. सावलीत पाणी हिरवट दिसायचं, उन्हाच्या कवडशात तळ दिसायचा. वरच्या ओढ्यातलं जे काही जिवंत होतं ते पावसाळा येईपर्यंत इथे येऊन राहत होतं.

मी साडीचा काचा मारून पाण्यात उतरले. बारीक जाळं फिरवलं आणि पहिल्याच खेपेला मुरी आली. बोटभर मासा, अंगावर तपकिरी पट्टे, तोंडाला मिशा. घाबरला की वाळूत डोकं खुपसून नाहीसा होतो. स्वच्छ वाळू नसेल तर हा जगत नाही. पुन्हा जाळं फिरवलं, पुन्हा मुरी, आणि त्यांत यंदाची पिल्लंही. मुळांच्या गुंत्यात एक मोठी मरळ हलली. मी निर्मलाला म्हटलं, "पिल्लं आहेत. तुमचं जमलंय."

ती काठावर बसली होती. तिने मान हलवली, पण तिचं लक्ष खालून येणाऱ्या आवाजाकडे होतं. धडधड, मध्येच थांबणारी, पुन्हा सुरू होणारी.

आम्ही आवाजाच्या दिशेने गेलो. ओढा जिथपर्यंत खोदून झाला होता तिथे ओढा राहिलेला नव्हता. सरळ कापलेला चर होता, दोन्ही बाजूंना मातीचे ढीग, आणि मशीनला उतरायला वाट हवी म्हणून उपटलेली करंज-उंबराची झाडं मुळांसकट आडवी. वाळू नाही, दगड नाही, वळण नाही. तळाशी थोडं पिवळं पाणी साचलं होतं आणि बायका ते बघायला येत होत्या. त्या आनंदात होत्या. माझ्या शेजारी उभी असलेली एक जण म्हणाली, "बघा बाई, पानी लागलं!" मला तिच्याकडे बघून हसावं लागलं.

मारुतीच्या देवळापुढे

संध्याकाळी देवळापुढे बैठक बसली. सरपंच गजानन तरुण, बोलायला मोकळा. निर्मलाच्या कॉलेजात शिकलेला, तिला वाकून नमस्कार करणारा. तो वाईट माणूस असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

"मॅडम, तुमी आमच्या चांगल्यासाठीच करून राहिल्या, मी न्हाई म्हणत न्हाई," तो म्हणाला. "पन हिरीला माघातच तळ दिसला. हळद शिजवायला पानी न्हाई, बायांच्या डोक्यावर घागरी हाईत. नाला खोल झाला तर पानी मुरंल. मग गावानं काहून थांबावं? बोटाएवढ्या माशासाठी?"

"गावाने थांबावं असं म्हणत नाही मी," निर्मला म्हणाली. "निम्मं काम झालंय, तेवढ्यावर एक पावसाळा जाऊ द्या. विहिरीला पाणी किती वाढतं ते बघा. वाढलं तर पुढच्या वर्षी पुढे चला. नाही वाढलं तर निदान डोह तरी राहील."

"मशीन पुढच्या वर्षी मिळंल का? आज आलंय, उद्या दुसऱ्या गावाला जातंय. मंजुरी एकदाच येते मॅडम."

मागून कुणीतरी म्हणालं, "मासे काय, नवे सोडू. माशाचं बी मिळतंय." लोक हसले. निर्मला त्यांना मुरी आणि तळ्यात सोडायचे मासे यांतला फरक सांगू लागली आणि अर्ध्या वाक्यात थांबली. मला वाटतं, तिला स्वतःचाच आवाज वर्गातल्यासारखा ऐकू आला.

कोंडिबामामा उठले. सगळ्यांना वाटलं ते निर्मलाच्या बाजूने बोलतील. "माझी मेंढरं तिथंच पितेत," ते म्हणाले. "डोह बी पायजे, आन खाली पानी बी पायजे. दोनी पायजे मला. तुमी शिकलेले लोक काढा कायतरी."

शेवटी तोडगा गजाननने काढला. हद्द डोहातून जाते, तर गावाने आपल्या अर्ध्यातच खोदावं आणि जंगलाच्या अर्ध्याला हात लावू नये. गावाचाही मान राहील, मॅडमचाही. वनरक्षक बैठकीला होता, तोही म्हणाला, हद्दीच्या आत मशीन येणार नसेल तर आमची हरकत नाही. सगळे निर्मलाकडे बघू लागले.

तिने डोहाच्या दिशेने बघितलं. मग म्हणाली, "खालचा खडकाचा उंबरा फोडू नका. मग चालेल."

"न्हाई फोडत," गजानन म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटलं होतं.

परत येताना मी तिला विचारलं, अर्धा डोह राहील का? "नाही म्हटलं असतं तर पूर्ण गेला असता," ती म्हणाली.

हद्द

दुसऱ्या दिवशी मशीन डोहापाशी आलं, त्याचा ड्रायव्हर बिहारकडचा होता. निर्मलाने त्याला काठावरचा दगड, पलीकडचा दगड आणि उंबरा असं सगळं उभं राहून दाखवलं. "जहाँ तक बोला है, वहीं तक करूँगा मॅडम," तो म्हणाला, आणि तो तसाच वागला. हद्दीच्या रेघेला त्याने स्पर्श केला नाही. उंबऱ्यावरही मशीन चालवलं नाही. त्याने उंबऱ्याच्या बाजूला, काठाला धरून खोदायला घेतलं, कारण तिथे माती होती.

पण ती माती वरवरचीच निघाली. तिच्याखाली उंबऱ्याचाच खडक काठाच्या आत शिरला होता. मशीनचा दात त्यावर घासला, पुन्हा घासला, आणि एक लांबट शिळा हलली. शिळेच्या खालून पाण्याची एक धार निघाली, करंगळीएवढी. बघता बघता ती मनगटाएवढी झाली.

"बंद करो!" निर्मला ओरडली. ड्रायव्हरने लगेच मशीन बंद केलं. गजानन चरात उतरून धारेपुढे माती लोटू लागला, कोंडिबामामांनी घोंगडी आणून भोकात कोंबली. माणसं धावली, दगड आले, पोती आली. पाणी दरवेळी शेजारून वाट काढायचं. पाण्याला खाली जायला आता खोल जागा होती आणि ते जात होतं.

दुपारपर्यंत डोहाचा तळ उघडा पडला. जंगलाच्या अर्ध्याचाही.

मी आणि निर्मला बादल्या घेऊन मासे उचलत होतो. मरळी चिखलात फटकारे मारत होत्या. मुऱ्या मात्र दिसतच नव्हत्या, कारण त्या घाबरल्यावर जे करतात तेच त्यांनी केलं होतं. वाळूत शिरल्या होत्या आणि वाळू वाळत चालली होती. हाताने उकरून एकेक काढली. पण बादली घेऊन जायचं कुठे? चरातल्या पाण्याचा नुसता चिखल झाला होता. वरच्या ओढ्यात ओंजळभर पाणी होतं, तिथे नेऊन ओतले, तर ते पाणी तापलेलं. दुसरी खेप घेऊन गेले तोवर पहिले मासे उलटे तरंगत होते. बगळे जमले होते, आम्हाला घाबरतही नव्हते. मी बादली तिथेच ठेवली आणि दगडावर बसले. निर्मला आणखी दोन खेपा गेली. मी तिला थांब म्हटलं नाही.

तोवर वाडीची माणसं टोपल्या, पातेली, जुनी लुगडी घेऊन उतरली होती. कुणाला दोष द्यायचा? मासे मरतच होते. एवढे मासे त्या गावाने एकदम कधी पाहिले नव्हते. गजानन चराच्या काठावर डोकं धरून बसला होता. जाता-येता लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते, कारण चर तुडुंब भरला होता. निर्मला त्याच्याजवळून गेली तेव्हा तो उठला. "मॅडम, मी उंबऱ्याला हात लावू दिला न्हाई," तो म्हणाला. "माहीत आहे रे," ती म्हणाली.

संध्याकाळी सुभद्राबाईंनी मासे येसरात शिजवले. आमच्यापुढे ताटं ठेवताना त्या जरा अडखळल्या. "राग येऊ द्यू नका बाई. जीव तर गेलाच हाय. वाया कशाला घालायचा?"

निर्मला जेवली. काटे काढून ताटाच्या कडेला नीट लावत गेली. माझ्या वाटीत मुऱ्या होत्या, पट्टे ओळखू येत होते. आयुष्यभर ज्यांच्याबद्दल शिकवलं ते मासे मी पुढ्यात घेऊन बसले होते, आणि सुभद्राबाई माझ्याकडे बघत होत्या. मी खाल्ले. आमटी चांगली झाली होती. हे लिहितानाही हात अडतो, पण झाली होती.

परत

दुसऱ्या दिवशी आम्ही हिंगोलीला परतलो. वाटेत ती म्हणाली, "ट्रॅक्टरची वाट चुकली तेव्हा बदलता आली. कुंपण चुकलं, काढता आलं. ही शिळा आता कुठून आणू?" बाहेर हळद वाळत होती. जाताना थांबून बघितली होती ती हीच हळद, पण या खेपेला मी गाडी थांबवा म्हटलं नाही.

चैत्र संपता संपता तिचा फोन आला. चरातलं पाणी केव्हाच उतरलं होतं. गजाननच्या विहिरीला थोडे दिवस पाणी वाढलं होतं, तेही ओसरलं. कोंडिबामामा मेंढ्या घेऊन लांबच्या तळ्याकडे गेले होते. हे सगळं तिने बातमी सांगावी तसं सांगितलं.

"आणि वरचं जंगल?" मी विचारलं.

"तेच सांगायला फोन केला. पुढच्या तोडीची आखणी झाली. काठाचा पट्टाही तोडीत धरलाय."

"का?"

"यंदाची मोजणी डोह फुटल्यावर झाली, मासे शून्य म्हणून. साहेब म्हणाले, मॅडम, पट्ट्याचा उपयोग होत नसेल तर पद्धत बदलायची असं तुमच्याच प्रयोगात लिहिलंय. उपयोग झालेला दिसत नाही, म्हणून बदलतोय." मग म्हणाली, "सौजन्यानेच बोलले गं. पाणी विचारलं, चहा विचारला."

"डोह फुटला हे सांगितलंस ना?"

"सांगितलं. लेखी दिलं. ते म्हणाले, फुटला तो गावाच्या हद्दीत. तो आमचा विषय नाही."

मी म्हटलं, "निदान अर्जुनाची झाडं तरी सोडतील. त्यांच्या लाकडाला कोण विचारतंय?"

"मीही तेच म्हटलं. परवा जाऊन आले. अर्जुनांवरही तोडीच्या खुणा आहेत. गार्डला विचारलं, ही कशाला? तर म्हणाला, सरसकट धरायला सांगितलंय."

मग तिच्याकडे तासाची घंटा वाजली. वर्ग घ्यायचा आहे म्हणाली आणि तिने फोन ठेवला.